टकटक ऐकू आली की आधी कॉपी

लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं, फाइल उघडताना सगळंच अडकतं, आतून बारीक टकटक; मग संशय हार्ड डिस्कवरच घ्यावा. मिनिटाला ५,४०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीवरून डेटा वाचणारं हेड जेमतेम काही नॅनोमीटर उंचीवरून सरकतं. एखादा भाग वाचता आला नाही की डिस्क तोच पुन्हा पुन्हा वाचत बसते. अशा वेळी फॉरमॅट, डीफ्रॅग अजिबात नको. आधी फोटो, हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवा. मगच डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे खराब ठरवून बदललेल्या भागांचा, आकडा पाहा. तो वाढत असेल तर डिस्क बदलाच.

पाण्यात भिजलेल्या डिस्कचं मात्र वेगळं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी कराडात आणि सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं. अशा पुरात भिजलेली डिस्क उन्हात वाळवून ‘चालतेय का’ पाहणं सर्वांत घातक. तबकडीवरचा गाळ हेडखाली घासला जातो. डिस्क बंदच ठेवून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यावी.