लूपमागचा सेमिकोलन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिल्लीजवळच्या मानेसरमध्ये मारुती सुझुकीचा कारखाना आहे आणि वाहनांच्या चाचण्या घेणारी आयकॅट ही संस्थाही. पुण्याची एआरएआय करते त्याच धर्तीचं तिचं काम. वाहन उद्योगात नोकरीला लागणाऱ्या आपल्या मुलामुलींची तिथे सी भाषेशी पुन्हा गाठ पडते, कारण इंजिन, ब्रेक, एअरबॅग सांभाळणाऱ्या कंट्रोल युनिटमधला कोड आजही मोठ्या प्रमाणावर सीमध्येच असतो. कॉलेजात लूपमागे चुकून पडलेल्या सेमिकोलनमुळे फार तर प्रॅक्टिकलचे मार्क जातात. गाडीत तो जिवाशी येऊ शकतो. म्हणून त्याच्याविषयीचे गैरसमज आधीच दूर झालेले बरे.

गैरसमज १: जादा सेमिकोलन पडला तर कंपायलर एरर देतोच.

वस्तुस्थिती: नुसता सेमिकोलन हे सीमध्ये पूर्ण, वैध विधान आहे. त्याला रिक्त विधान म्हणतात. हा कोड पाहा:

फॉर (आय = १; आय <= ५; आय++);
{
    प्रिंटएफ("%डी ", आय);
}

व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीही चुकलेलं नाही. फॉरला एक विधान हवं होतं, ते सेमिकोलनच्या रूपाने मिळालं. खालचा महिरपी कंस आता लूपचा राहिला नाही.

गैरसमज २: मग लूप फिरतच नाही.

वस्तुस्थिती: फिरतो, पाचही वेळा फिरतो, फक्त आत काही करत नाही. आय ६ झाला की अट खोटी ठरते, मग कंसातला भाग एकदाच चालतो आणि पडद्यावर १ ते ५ ऐवजी एकटा ६ उमटतो. एक अपवाद लक्षात ठेवा. सी-९९ या मानकापासून आयची घोषणा फॉरच्या कंसातच करता येते. तशी केली असेल, तर लूप संपताच आयची ओळख संपते आणि मग मात्र एरर येते.

गैरसमज ३: व्हाइलमध्येही एवढंच बिघडतं.

वस्तुस्थिती: तिथे प्रकरण जास्त गंभीर आहे. आय वाढवणारी ओळ कंसात असते आणि कंसापर्यंत प्रोग्राम पोहोचतच नाही. अट कायम खरी, पडदा कोरा. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ वाचलेल्यांना हा सापळा ओळखीचा असेल. कंट्रोल युनिटमध्ये अशा वेळी वॉचडॉग टायमर कामी येतो: प्रोग्रामकडून ठरल्या वेळात खूण मिळाली नाही, तर तो प्रोसेसर रीसेट करतो. पण रीसेट हा बचाव झाला. चूक कोडमध्ये तशीच राहते.

गैरसमज ४: लूपशेजारचा सेमिकोलन म्हणजे चूकच.

वस्तुस्थिती: डू-व्हाइलच्या शेवटी तो अनिवार्य आहे. हार्डवेअरची एखादी खूण बदलेपर्यंत थांबायचं असेल, तर रिकामा व्हाइल मुद्दाम लिहितात. मात्र ती खूण ‘व्होलाटाइल’ घोषित करावी लागते, नाहीतर कंपायलर ती पुन्हा पुन्हा वाचेलच याची खात्री नाही. हेतू आणि चूक वेगळी दिसावीत यासाठी वाहन उद्योगाने नियम केले. ब्रिटनमध्ये १९९८ साली मिस्रा-सी नियमावली आली. तिच्या २००४ च्या आवृत्तीत रिक्त विधान स्वतंत्र ओळीवरच लिहायचा नियम होता. २०१२ च्या आवृत्तीत प्रत्येक लूपच्या भागाला महिरपी कंस सक्तीचा आहे. त्यामुळे फॉरला चिकटलेला सेमिकोलन तपासणीच्या साधनाला लगेच सापडतो.

गैरसमज ५: वॉर्निंग आली नाही, म्हणजे कोड बरोबर.

वस्तुस्थिती: रिकाम्या लूपला लागूनच कंस आला, तर क्लँग हा कंपायलर आपणहून सावध करतो. जीसीसी या कंपायलरची ‘एम्प्टी-बॉडी’ वॉर्निंग मात्र इफ, एल्स आणि डू-व्हाइलपुरती आहे. साधे फॉर आणि व्हाइल तिच्या कक्षेत येत नाहीत. म्हणजे वॉर्निंग वेगळ्या चालू केल्या नसतील, तर तोच कोड एका कंपायलरवर टोकला जाईल आणि दुसऱ्यावर निमूटपणे पुढे जाईल.

यावर उपाय सवयीचा आहे. लूप लिहिताना दोन्ही महिरपी कंस आधी टाका, मजकूर नंतर भरा. लूप रिकामाच हवा असेल, तर कंसात तशी कॉमेंट लिहा. सगळ्या वॉर्निंग चालू ठेवा आणि एकही दुर्लक्षू नका. कंपायलर व्याकरण तपासतो. तुमच्या मनात काय होतं हे त्याला कळायला मार्ग नाही. ते कोडमध्ये स्पष्ट दिसेल असं लिहिणं ही प्रोग्रामरचीच जबाबदारी आहे.