पंच कोणी निवडायचे?

गुन्हा घडला की नाही, हे न्यायाधीशाने नव्हे तर चार सामान्य नागरिकांनी ठरवायचे, ही ज्यूरीची कल्पना. आरोपीचे नशीब एकट्या सरकारी माणसाच्या हाती राहत नाही, हा तिचा मोठा गुण. पण हे नागरिक आणायचे कुठून?

जुलै 1908. मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ज्यूरीच्या नऊ पंचांत सात युरोपीय, दोन पारशी. टिळकांच्या ‘केसरी’ वृत्तपत्रातले मराठी लेख या पंचांपुढे इंग्रजी भाषांतरातून आले. टिळक 21 तासांहून अधिक बोलले. भाषांतरे कुठे चुकली तेही त्यांनी दाखवले. कौल 7 विरुद्ध 2, दोषी! न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षांची शिक्षा ठोठावली. अशी ज्यूरी नावापुरतीच.

1959 मध्ये मुंबईतच खुनाच्या खटल्यात नौदलाच्या कमांडर नानावटींना ज्यूरीने 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवले. न्यायाधीशांना ते पटेना. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि जन्मठेप झाली. या खटल्यानेच ज्यूरी बुडवली, असे सर्रास सांगतात. पण विधी आयोगाने 1958 मध्येच ती बंद करण्याची शिफारस केली होती.

1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. पारशी विवाह न्यायालयांत मात्र समाजातून नेमलेले प्रतिनिधी ज्यूरीसारखे आजही बसतात.