मुळशीचा पाऊस आणि अंगणातलं रोप

जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस पडला. पुणे शहराच्या वार्षिक सरासरीच्या निम्म्याहून अधिक पाणी एका दिवसात! अशा मुळशीत रोपाला पाण्याची काय वाण, असं वाटणं साहजिक आहे. पण अंगणातल्या रोपाची खरी परीक्षा दोनदा होते : आषाढात, मुळाशी पाणी साचतं तेव्हा, आणि फाल्गुन-चैत्रात, त्याच मुळाशी ओल उरत नाही तेव्हा. बहुतेक गैरसमज या दोन ऋतूंभोवतीच फिरतात.

गैरसमज : मृगाची पहिली सर आली की रोप लावून मोकळं व्हावं.
वस्तुस्थिती : पहिल्या सरीने वरची चार बोटं माती भिजते, खालचा मुरूम तापलेलाच असतो. त्यातच पावसाने दडी मारली, तर रोप माना टाकतं. वीतभर खोल ओल उतरल्यावर आणि वाफसा आल्यावर लागवड करावी. भूगाव-पिरंगुटकडे ही संधी लवकर मिळते. ताम्हिणीच्या अंगाला आषाढात वाफसा मिळणंच कठीण; तिथे पावसाचा जोर ओसरल्यावर, श्रावणात लावलेलं बरं.

गैरसमज : खड्डा जितका खोल, तितकं झाड जोमदार.
वस्तुस्थिती : झाडाची अन्न घेणारी मुळं बहुतांशी वरच्या थरात, आडवी पसरतात. कठीण मुरमात खणलेला खोल, अरुंद खड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो. मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. खड्डा रुंद घ्यावा, कडा पहारीने फोडून घ्याव्यात. त्यात बादलीभर पाणी ओतून पाहावं. दुसऱ्या दिवशीही ते तसंच असेल, तर मातीचा फूटभर उंचवटा करून त्यावर रोप लावावं. खोड जिथे मुळाला मिळतं तो भाग जमिनीच्या पातळीवर ठेवावा. कलमाचा जोड तर कधीही मातीत गाडू नये.

गैरसमज : रोपवाटिकेतलं सर्वांत उंच रोप सर्वांत चांगलं.
वस्तुस्थिती : छोट्या पिशवीत जास्त दिवस राहिलेल्या उंच रोपाची मुळं गोल गुंडाळलेली असतात. तशीच लावली तर ती पुढेही गोलच फिरतात आणि झाड वाऱ्यात उन्मळतं. कमी उंचीचं, जाड खोडाचं रोप लवकर रुजतं. पिशवी फाडून काढावी, गुंडाळलेली मुळं मोकळी करावीत. फारच वळली असतील तर छाटावीत.

गैरसमज : गोठ्यातलं ताजं शेण म्हणजे अस्सल खत.
वस्तुस्थिती : ताजं शेण कुजताना तापतं, शिवाय त्यातून हुमणी येऊ शकते. ही अळी कोवळी मुळंच कुरतडते. पूर्ण कुजलेलं शेणखत खड्ड्याच्याच मातीत मिसळून भरावं.

गैरसमज : पावसाळा काढला, म्हणजे झाड लागलं.
वस्तुस्थिती : उताराच्या मुरमाड जमिनीतलं पाणी पाऊस थांबताच झिरपून जातं. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावंच लागतं. रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा काही दिवसांनी सावकाश, मुळापर्यंत पोचेल इतकं द्यावं. मुळशी भाताचा मुलूख. पेंढ्याचं आच्छादन सहज करता येतं. फक्त पेंढा खोडाला टेकू देऊ नये, नाहीतर साल कुजते. जूनआधी आळं मोडून पाण्याला वाट करून द्यावी.

गैरसमज : देशी झाड अंगणात कुठेही चालतं.
वस्तुस्थिती : वड, पिंपळ, उंबर देशीच आहेत; पण भिंतीच्या भेगेतही रुजणाऱ्या या झाडांना घराजवळ जागा नको. आंब्याच्या कलमांत पारंपरिक अंतर १० मीटर ठेवतात, यावरून त्याचा विस्तार ओळखावा. लहान अंगणाला लिंबू, कढीपत्ता, आपटा, बहावा शोभतात. राज्यफूल असलेला ताम्हण मुळात ओढ्याकाठचा, म्हणून ओलसर कोपऱ्यात तो रमतो.

गैरसमज : झाड आपलं, नडलं तर तोडू.
वस्तुस्थिती : महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातील यादीत आंबा, फणस, जांभूळ, चिंच, हिरडा, ऐन, किंजळ ही झाडं आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते. शहर हद्दीत आलेल्या भागाला १९७५ चा वेगळा कायदा लागू होतो. म्हणून खड्डा खणण्याआधीच भिंत, विजेच्या तारा, शोषखड्डा आणि शेजाऱ्याचा बांध पाहून जागा ठरवावी. रोप वर्षभरात पुन्हा आणता येतं. चुकीच्या जागी वाढलेला फणस सहजासहजी हलवता येत नाही.