पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

परीक्षा जवळ आली की बहुतेक मुलं धडा पुन्हा पुन्हा वाचतात. तिसऱ्या वाचनाला वाक्यं ओळखीची वाटू लागतात, डोळे भराभर खाली सरकतात आणि मूल म्हणतं, 'झालं माझं.' ते खोटं बोलत नसतं. पण समोरचं ओळखणं आणि समोर नसलेलं आठवणं ही मनाची दोन वेगळी कामं आहेत. परीक्षेत दुसरं काम पडतं, आणि सराव झालेला असतो पहिल्याचा.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातले हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली हा फरक मोजून दाखवला. विद्यार्थ्यांना त्यांनी एक छोटा उतारा दिला. एका गटाने तो चारही सत्रांत वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने पहिल्या सत्रात तीन-चार वेळा वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. आठवड्याने किती आठवेल असं विचारल्यावर जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. म्हणजे अभ्यास झाल्याची भावना हा अभ्यासाचा भरवशाचा पुरावा नाही.

असं का होतं? वाचताना उत्तर समोरच असतं, मनाला शोधाशोध करावी लागत नाही. आठवताना ती करावी लागते, आणि ज्या वाटेने उत्तर सापडतं ती वाट पुढच्या वेळी सोपी होते.

यात वेळेचाही हात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या तासातच उरकतो, नंतर वेग मंदावतो. म्हणून उजळणी लगेच केली तर शोधायला काही उरत नाही, फार उशिरा केली तर सापडायला. मधली वेळ गाठायची.

आपल्याकडे दिवेलागणीला मुलं परवचा, म्हणजे पाठ केलेले पाढे, म्हणत; त्यात या दोन्ही गोष्टी होत्या : पुस्तक नाही, आणि रोजचं अंतर. उणीव एकच, क्रम ठरलेला. 'सात आठे?' असं मध्येच विचारलं की मूल 'सात एके'पासून सुरुवात करतं, कारण त्याची वाट तिथूनच निघते. पाढे उलटसुलट विचारले तर ही अडचण सुटते.

वर्गात याला पाच मिनिटं पुरतात. तासाच्या सुरुवातीला बाईंनी तीन प्रश्न विचारावेत : एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. हात वर करणाऱ्या दोघा-तिघांनीच नाही, सगळ्यांनी उत्तर वहीत लिहावं. गुण अजिबात देऊ नयेत. भीतीपोटी मुलं शेजारच्या वहीत बघतात आणि आठवण्याचं काम राहून जातं. बरोबर उत्तर मात्र लगेच सांगावं, नाहीतर चूकच पक्की होण्याचा धोका असतो.

घरी पुस्तक मिटून धडा आठवून लिहायला लावला की पहिल्या दिवशी कागद अर्धा कोरा राहतो आणि मूल हिरमुसतं. अशा वेळी आधी थांबावं, मग एखादा शब्द सुचवावा, आणि अगदी शेवटी पुस्तक उघडून राहिलेलं वेगळ्या शाईने भरू द्यावं. ती वेगळी शाई जिथे दिसेल, तिथूनच दोन दिवसांनी विचारायला सुरुवात करावी.