जुन्या करारातील कविता आणि अशेरा

ज्यांना लिहिता येत नव्हते, किंवा ज्यांना लिहू दिले गेले नाही, त्यांच्याविषयीचा लेखी पुरावा बहुतेक वेळा त्यांच्या विरोधकांच्या वहीत सापडतो. मी इतिहास शिकवतो आणि आमच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला पहिला माणूस मीच. माझ्या आज्यापणज्यांविषयी कुठे काही कागद असेलच, तर तो त्यांच्या हातचा नाही. ही जाणीव ठेवून हिब्रू बायबल, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात तो ग्रंथ, वाचू लागले की एक नाव वाचकाला वारंवार अडवते. ते नाव अशेरा. सुमारे चाळीस ठिकाणी ते येते आणि बहुतेक ठिकाणी तोडा, जाळा, उपटा अशा क्रियापदांच्या शेजारीच येते. कधी तो लाकडी खांब असतो, कधी झाड, कधी मूर्ती, तर कधी स्पष्टपणे एक देवी.

१६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तर हे नावही उरले नाही. जुन्या ग्रीक भाषांतराच्या आधाराने तेथे ‘झाडांची राई’ अशा अर्थाचा शब्द घातला गेला. राजाने देवळातून राई बाहेर काढली आणि ओढ्याकाठी जाळली, असे विचित्र विधान इंग्रजी वाचणाऱ्यांनी पावणेतीनशे वर्षे मुकाट वाचले. १८८५ च्या सुधारित आवृत्तीत अशेरा हे नाव परत आले. अशा उपासनेला युरोपीय भाषांत ‘पेगन’ म्हणतात. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा एक अर्थ खेड्यातला माणूस, गावंढळ. दुसऱ्याच्या देवाला नाव ठेवताना त्या माणसाची पायरीही ठरवून टाकायची, ही रीत आपल्याला नवी नाही.

अशेराविषयी तिच्या निंदकांखेरीज दुसरा साक्षीदार मिळाला तो विसाव्या शतकात. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्याजवळ शेत नांगरताना एका शेतकऱ्याला जुन्या थडग्याचा दगड लागला. पुढच्या वर्षी क्लोद शेफर यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच उत्खनन सुरू झाले आणि जवळच्या रास शामरा टेकाडाखाली उगारित नावाचे नगर निघाले. हे नगर इ.स.पू. बाराव्या शतकाच्या आरंभी नष्ट झाले होते. तेथील मातीच्या विटांवर तीस चिन्हांची एक लिपी होती. ती १९३० साली उलगडली. भाषा निघाली हिब्रूच्या नात्यातली. त्या विटांवरच्या दीर्घ काव्यांत एल हा वडीलधारा देव आहे आणि त्याची सहचरी आहे अथिरत, म्हणजेच हिब्रूतली अशेरा. ती समुद्राची मालकीण, देवांची जन्मदात्री आणि सत्तर पुत्रांची आई. तिच्याच जोडीला आहे अनत ही तरुण, लढाऊ देवी.

उगारित म्हणजे इस्राएल नव्हे. ते उत्तरेला आहे आणि बायबलातील बहुतेक लेखनाहून कितीतरी शतके जुने आहे. तरीही काव्याच्या बाबतीत हा पुरावा फार मोलाचा ठरतो, आणि त्याचे कारण हिब्रू कवितेच्या बांधणीत आहे. या कवितेत आपल्या ओवी-अभंगासारखे यमक नसते. एक ओळ एक गोष्ट सांगते आणि दुसरी ओळ तीच गोष्ट शब्द बदलून पुन्हा सांगते, वाढवते किंवा उलटवते. रॉबर्ट लोथ या इंग्रज धर्मपंडिताने १७५३ साली या पद्धतीला ‘समांतरता’ असे नाव दिले. यासाठी कवींजवळ शब्दांच्या ठरलेल्या जोड्या असत. त्यांतल्या कित्येक जोड्या उगारितच्या विटांवर जशाच्या तशा सापडल्या. जोडीतला एक शब्द काढून टाकला तरी त्याची जागा मोकळी राहते आणि कान दुसऱ्याची वाट पाहतो. कायदा आणि इतिहास लिहिणाऱ्यांना जे पुसता आले ते कवितेत उरले असेल, तर याच वाटेने.

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ४९ व्या अध्यायात याकोब मरणापूर्वी आपल्या मुलांना आशीर्वाद देतो. बायबलातील अतिशय जुन्या कवितांत अभ्यासक तिची गणना करतात. योसेफाच्या वाट्याच्या आशीर्वादात प्रथम बापाचा देव येतो, मग शद्दाय हे देवाचे जुने नाव येते. नंतर वरचे आकाश आणि खाली दबा धरून पडलेले खोल पाणी येते. या पाण्याला तेहोम म्हणतात. जनावर बसावे तशी ती बसली आहे, असे स्त्रीलिंगी क्रियापद तेथे आहे. आणि त्यानंतर, कोणाचे ते न सांगता, स्तनांचे आणि गर्भाशयाचे आशीर्वाद येतात. बाप, आकाश, खोल पाणी, स्तन, गर्भ. ही रांग पाहिली की आईची जागा मोकळी ठेवली आहे हे कळायला पंडित असण्याची गरज नाही. उगारितच्या केरेत राजाच्या काव्यात राजपुत्र अथिरतचे दूध पिईल असे वचन आहे, आणि गर्भाशयासाठी जो शब्द हिब्रूत आहे त्याच धातूचे एक बिरुद अनतला लावलेले आहे. मार्क स्मिथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी या ओळीमागे देवीची प्रतिमा पाहिली आहे. काहींना ती केवळ संततीसाठी केलेली सर्वसाधारण शुभेच्छा वाटते. माझा कल पहिल्या मताकडे आहे, आणि त्याचे कारण होशेयच्या पुस्तकात मिळते.

होशेय हा इ.स.पू. आठव्या शतकातला, उत्तरेकडील राज्यातला संदेष्टा. योसेफाचे वंशज म्हणवणाऱ्या लोकांतच तो बोलत होता. त्याच्या नवव्या अध्यायात शाप येतो: गर्भ टिकू नये, स्तन आटावेत. शब्द तेच दोन, क्रम मात्र उलटा. योसेफाच्या आशीर्वादाची ही सरळसरळ मोडतोड आहे. शेतीचे आणि संततीचे दान कोण देतो, या प्रश्नावर त्या समाजात भांडण चालू होते. दुसऱ्या अध्यायात धान्य, द्राक्षारस, तेल, लोकर आणि ताग यांची यादी देऊन होशेयचा देव म्हणतो, हे सारे माझे आहे आणि लोक ते दुसऱ्यांनी दिले असे समजतात. ज्या गोष्टीवर कोणी हक्क सांगत नाही, तिच्यासाठी एवढा तपशीलवार दावा कोणी दाखल करत नाही.

याच पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात एक नवल आहे. मूर्तींशी माझा काय संबंध, असे विचारून देव स्वतःला सदाहरित झाडाची उपमा देतो आणि तुझे फळ माझ्यापासूनच आहे म्हणतो. साऱ्या हिब्रू बायबलात देवाला झाड म्हणणारी जागा हीच. त्याच ओळीत ‘मी उत्तर देतो’ आणि ‘मी लक्ष ठेवतो’ अशी दोन क्रियापदे आहेत, आणि हिब्रूत त्यांचा उच्चार अनत व अशेरा या नावांच्या अगदी जवळ जातो. युलिउस वेलहाउझेन या जर्मन पंडिताने अक्षरे थोडी बदलून ‘मीच त्याची अनत आणि मीच त्याची अशेरा’ असे वाचावे, अशी सूचना केली होती. सूचना मोहक आहे. पण मूळ अक्षरे बदलून आपल्याला हवे ते वदवून घेणे ही सवय वाईट, मग ती शास्त्रीबुवांची असो की आपली. आणि येथे तिची गरजही नाही. अशेरेचे चिन्ह झाड होते. देव ते झाड स्वतःच होतो आणि तिची कामे स्वतःकडे घेतो, एवढे त्या कवितेच्या मूळ पाठातच आहे.

या उपासनेचे जमिनीतले पुरावे थोडक्यात सांगतो. हेब्रोनजवळच्या खिर्बेत एल-कोम येथे विल्यम डीवर यांना १९६७ साली थडग्यातला एक लेख मिळाला. सिनाईच्या वाळवंटातील कुंतिलेत अजरुद येथे झेएव मेशेल यांनी १९७५-७६ साली उत्खनन केले आणि मोठ्या रांजणांवर लिहिलेले आशीर्वाद त्यांना मिळाले. दोन्ही ठिकाणी याहवे आणि ‘त्याची अशेरा’ यांचा उल्लेख एकत्र आहे, आणि काळ इ.स.पू. नववे-आठवे शतक. हिब्रूत विशेषनामाला ‘त्याची’ असा प्रत्यय सहसा लागत नाही, म्हणून ही देवी नव्हे, देवीचे चिन्ह असावे असा आक्षेप आहे. आक्षेप व्याकरणाच्या दृष्टीने बिनचूक आहे. पण ज्या चिन्हाकडून आशीर्वाद मागितला जातो त्याला निव्वळ लाकूड म्हणणे कठीण. एका रांजणावर झाडाचे चित्र आहे, दोन बाजूंना रानबोकड आणि खाली सिंह. तानाख येथे १९६८ साली पॉल लॅप यांना मिळालेल्या इ.स.पू. दहाव्या शतकातील पूजेच्या मातीच्या घडवंचीवरही हीच मंडळी आहेत: सर्वांत खाली दोन सिंहांमध्ये उभी नग्न स्त्री आणि वरच्या एका थरात झाड.

हे सिंह ध्यानात ठेवून ‘गीतरत्न’ वाचावे. वरवर ती प्रेमगीते आहेत आणि त्यांत देवाचा उल्लेख जवळजवळ नाहीच. परंतु प्रियकर प्रेयसीला बोलावतो तो सिंहांच्या गुहांतून आणि चित्त्यांच्या डोंगरांवरून. तिचे वर्णन चंद्र, सूर्य आणि झेंडे घेतलेल्या सैन्यासारखी भयंकर असे होते. शपथ घातली जाते ती हरिणींची. मेंढपाळाच्या पोरीसाठी ही भाषा जरा मोठीच आहे. थिओफाइल मीक यांनी १९२२ च्या सुमारास या गीतांचे मूळ देवदेवतांच्या विवाहविधीत शोधले. मार्विन पोप यांनी तर १९७७ च्या आपल्या भाष्यात, मी काळी आहे असे सांगणाऱ्या त्या नायिकेची तुलना अनतशी आणि थेट आपल्याकडील कालीशी केली. उगारितच्या काव्यात अनत गुडघाभर रक्तातून चालते, कापलेली मुंडकी पाठीवर आणि हात कमरेला बांधते. त्यामुळे कालीची आठवण होणे साहजिक आहे. पण साम्य म्हणजे नाते नव्हे. मला असे वाटते की गीते माणसांचीच आहेत; कवीने देवीचे जुने दागिने एका साध्या पोरीच्या अंगावर घातले आहेत.

येथे आपल्या चळवळीतील मित्रांना एक सावधगिरी सुचवावीशी वाटते. देवी म्हटली की ती शोषितांची आणि तिच्यावर उठलेला संदेष्टा जुलमी, अशी विभागणी करणे सोपे आहे. पुरावा तसे सांगत नाही. अशेरेसाठी ओंगळ मूर्ती केली म्हणून जिचे राजमातेचे पद गेले ती माका राजवाड्यातली होती. देवळात अशेरेची मूर्ती बसवणारा मनश्शे राजा होता. उलट यिर्मया हा संदेष्टा, मजुरी न देता माणसे राबवून महाल बांधणाऱ्या राजाला तोंडावर शाप देतो. देवी सिंहासनावर आल्याने स्त्रिया मुक्त होतात का, हा प्रश्न डॉ. बाबासाहेबांच्या वाचकांना अपरिचित नाही. ‘रिडल्स इन हिंदुइझम’च्या बाराव्या कोड्यात त्यांनी देवांना खाली उतरवून देवींना वर का बसवले गेले, असे विचारले आहे. यरुशलेमात झाले ते उलटे. इ.स.पू. ६२२ च्या सुमारास योशिया राजाने अशेरा जाळली, देवळात बायका जेथे तिच्यासाठी वस्त्रे विणत ती घरे पाडली आणि गावोगावची पूजास्थाने मोडून सारी पूजा राजधानीत आणली. त्यात धर्म होता तसा कारभारही होता.

तोच यिर्मया आपल्यासाठी एक मौल्यवान गोष्ट नोंदवून ठेवतो. यरुशलेमच्या पाडावानंतर इजिप्तमध्ये गेलेल्या लोकांना तो स्वर्गाच्या राणीची पूजा सोडा म्हणतो. तेव्हा बायका त्याला सरळ उत्तर देतात. आम्ही तिला पेयार्पणे करीत होतो, तिच्या आकाराच्या पोळ्या भाजत होतो, तेव्हा पोटभर अन्न होते. ते थांबवल्यापासून तलवार आणि दुष्काळ आला, आणि हे आम्ही नवऱ्यांना चोरून केलेले नाही. संदेष्ट्याने रागाने का होईना, हे उत्तर पुस्तकात राहू दिले. ही राणी अशेरा होती, अनत होती की अश्तारोथ, यावर मतभेद आहेत. तिला पूजणाऱ्यांचे बोलणे मात्र स्पष्ट ऐकू येते.

या घटनेनंतर दीडपावणेदोनशे वर्षांनी त्याच दक्षिण इजिप्तमध्ये, नाईलमधील येब बेटावर, यहुदी सैनिकांची वसाहत होती. तेथील पपायरसांत इ.स.पू. ४०० च्या सुमाराची वर्गणीची एक यादी आहे. माणशी दोन शेकेल चांदी आणि त्यापुढे देणाऱ्यांची नावे, त्यांत बायकांची पुष्कळ. ही त्याच बायकांची नातवंडे होती असे म्हणायला आधार नाही. शेवटी जमाखर्च मांडला आहे: याहोसाठी बारा कर्श सहा शेकेल, एशेमबेथेलसाठी सात कर्श, आणि अनतबेथेलसाठी बारा कर्श.