प्रवासांतील हत्यारांची पिशवी

घरांतील तरुण मोटारसायकलीवरून लांब निघाला, कीं वडीलधाऱ्यांस वेगाइतकीच त्यानें रात्रीं माळशेजसारख्या घाटांत अडकण्याची धास्ती असते. त्यावरील उपाय हत्यारांच्या संख्येंत नाहीं. तीं आपल्या गाडीस बसतात कीं नाहीं, यांत आहे. निघण्यापूर्वीं अंगणांत चाक स्वतः काढून पुन्हां बसवावें. जे पाने लागले, तेवढेच पिशवींत घालावे. ट्यूबच्या टायरासाठीं तो उचलण्याच्या पट्ट्या व जादा ट्यूब, बिनट्यूबच्यासाठीं भोंक बुजविण्याच्या रबरी वाती व टोचा. पंप मात्र दोहोंसही हवा. पक्कड, प्लगचा पाना, फ्यूज व क्लच वायर घेतली, कीं पिशवी पुरी झाली. चाकाची ही परीक्षा वडिलांसमक्ष दिली, तर परवानगीसाठीं फारसें बोलावें लागणार नाहीं.