पडद्यावरची पोच जपून ठेवा



बियाणे घेतल्यावर पक्की पावती, पिशवी आणि तिच्यावरचा टॅग पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. उगवण नीट झाली नाही, तर तक्रारीला तोच आधार असतो. आता अर्जांची बरीच कामे घरच्या संगणकावर होऊ लागली आहेत. महाडीबीटीवरचा ठिबकचा अर्ज, पीकविम्याचा हप्ता, पीएम-किसानच्या पैशांची चौकशी, हे सारे पडद्यावरच होते. पण ती खिडकी बंद केली की समोरची पोचही दिसेनाशी होते. मुलाने अर्ज भरला, खात्यातून पैसे कापले गेले आणि तेवढ्यात वीज गेली, तर अर्जाचा क्रमांक कोणाच्या लक्षात राहणार? मग कार्यालयात खेटे घालणे आले. यावर बिनखर्ची उपाय म्हणजे स्क्रीनशॉट, अर्थात पडद्यावर जे दिसते त्याचा जसाच्या तसा फोटो.

कसा काढावा?

विंडोज असलेल्या संगणकावर कळफलकाच्या खालच्या ओळीत खिडकीच्या खुणेचे बटण असते. ते दाबून धरा आणि वरच्या ओळीतले 'प्रिंट स्क्रीन' हे बटण दाबा. पडदा क्षणभर मंद होतो, म्हणजे फोटो निघाला. तो 'पिक्चर्स' या कप्प्यातल्या 'स्क्रीनशॉट्स' मध्ये आपोआप जमा होतो. काही लॅपटॉपवर याबरोबर 'एफएन' हे बटणही दाबावे लागते.

पोचपावतीसाठी पूर्ण पडद्याचाच फोटो घ्यावा. वरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ता दिसतो व खाली उजव्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ दिसते. अर्जाचा क्रमांक आणि पैसे भरल्याचा व्यवहार क्रमांक स्पष्ट वाचता येतो की नाही, हेही पाहावे. अर्ज अडला असेल, तर चुकीचा संदेश पडद्यावर असतानाच फोटो घ्यावा.

दुसऱ्याला पाठवताना

पडद्याचा थोडाच भाग पाठवायचा असेल, तर खिडकीच्या खुणेचे बटण, 'शिफ्ट' आणि 'एस' ही तीन बटणे एकदम दाबा आणि माऊसने हवा तेवढा चौकोन आखा. नंतर संगणकावरील व्हॉट्सॲपमध्ये 'कंट्रोल' व 'व्ही' दाबले की तो भाग तेथे उमटतो.

मात्र पाठवण्यापूर्वी घटकाभर थांबा. आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक, ओटीपी यांपैकी काही त्यात दिसते आहे काय? गावाच्या गटावर गेलेला फोटो पुढे कोठवर जाईल, हे आपल्या हाती राहत नाही. 'पेंट' मध्ये फोटो उघडून अशा आकड्यांवर भरीव काळा चौकोन काढा आणि तो वेगळ्या नावाने साठवा. अर्धवट रंग फिरवू नका. खालचे आकडे वाचता येतात. ओटीपीचा फोटो तर कोणालाही पाठवू नये, मागणारा स्वतःला साहेब म्हणवत असला तरीही. पैशांची फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवा. तेथेही हेच फोटो कामी येतात.

एवढे ध्यानात असू द्या

स्क्रीनशॉट ही आठवण आहे, दाखला नव्हे. सातबाऱ्याचा स्क्रीनशॉट बँकेत चालत नाही; त्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचा उताराच काढावा लागतो. अर्जाची पावती उतरवून घेण्याची सोय असेल, तर तीही घ्यावी.

दर हंगामाला 'खरीप' किंवा 'रब्बी' आणि वर्ष लिहून वेगळा कप्पा करावा. फोटोला योजनेचे नाव आणि तारीख द्यावी व महिन्यातून एकदा सर्व पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे. घरातील शाळकरी मुलगा किंवा मुलगी हे काम आनंदाने करील. अर्जाचा क्रमांक मात्र वहीतही लिहून ठेवा. संगणक बिघडला, तरी वही उघडता येते.